पाखरांची आस्थापना

डासांची कॉइल लावायची नाही, ही अट ऐकली तेव्हाच मी उठून यायला हवं होतं. कुरखेड्यात संध्याकाळी पाच मिनिटं अंगणात उभं राहिलं की डास हक्कानं अंगावर बसतात. अशा गावात खोली भाड्यानं देताना जो माणूस पहिली अट कॉइलची घालतो, त्याच्याशी आपलं जमायचं नाही हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी चंद्रपूरहून जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकतीच बदलून आले होते. ओळखीच्यांच्या घरी आठ दिवस पाहुणी राहून झाले होते आणि आता तेही कंटाळले होते, मीही. खोली स्वच्छ होती, मागे विहीर होती. मी हो म्हटलं.

मग बाकीच्या अटी आल्या. उदबत्ती नाही. धूप नाही. फोडणी देताना मधलं दार बंद. नॉनस्टिक तवा तर घरात आणायचाच नाही, कारण तो जास्त तापला की त्याच्या वाफेनं पाखरं मरतात. ही गोष्ट खरी आहे, हे मला नंतर कळलं आणि त्याचाच जास्त राग आला. माझा तवा नवा होता. तो मी चंद्रपूरला आईकडे परत पाठवला.

"तुमी जनावराच्या डॉक्टर आहा म्हणून रूम देऊन राह्यलो," घरमालक म्हणाले. "नाईतं मी एकट्या माणसाले देत नाई. जोडी असन तंच देतो."

"मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे. गाई, म्हशी, शेळ्या बघते. पाखरांचं मला काही कळत नाही."

"शिकून जासान," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. मीही भाऊच म्हणू लागले. एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक म्हणून ते निवृत्त झाले होते. कोणाची बदली कुठे, कोणाची रजा किती, कोणाची पदोन्नती का अडली, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्तीच्या दिवशी फायली कार्यालयात राहिल्या, सवय मात्र भाऊ घरी घेऊन आले. आणि घरी बजरीगर होते.

व्हरांड्याला जाळी ठोकून त्यांनी दहा पिंजरे केले होते. हिरवे, निळे, पिवळे, मुठीत मावतील एवढे पोपट. आख्खा तालुका त्यांना लव्हबर्ड म्हणतो आणि भाऊ प्रत्येकाला थांबवून सांगत, लव्हबर्ड वेगळे, हे बजरीगर. दर पिंजऱ्यात जाळीला एक छोटं मडकं आडवं बांधलेलं असायचं, पोटाला भोक पाडलेलं. तेवढ्यासाठी त्यांनी कुंभाराला चार वेळा माघारी पाठवलं होतं. भोक एक बोट मोठं झालं तर पिल्लं बाहेर पडतात, आणि लहान झालं तर मादी आत जात नाही. कुंभार मला रस्त्यात भेटला की अजूनही ते भोक बोटांनी करून दाखवायचा आणि पुढे जायचा.

प्रत्येक पाखराला सेवापुस्तक होतं. हे मी गमतीनं सांगत नाही. जाड रजिस्टरात प्रत्येक पाखराला एक पान, वर पायातल्या कडीचा क्रमांक, खाली नोंदी. "अंड्यातून बाहेर, म.पू." म्हणजे दुपारच्या आधी. "पिंजरा क्र. ४ मधून पिंजरा क्र. ७ मध्ये बदली. कारण: शेजाऱ्याशी भांडण." "शेपूट ओढल्याबद्दल समज दिली." बदलीचा आदेश कागदावर लिहून पिंजऱ्याला चिकटवला जायचा. पाखरं अर्ध्या तासात तो कुरतडायची. मग भाऊ नवा आदेश लिहायचे, वर जुन्या आदेशाचा संदर्भ देऊन. मी एकदा म्हटलं, "भाऊ, त्यांना वाचता येत नाही."

"कर्मचाऱ्यालेई कुठी येते," ते म्हणाले. "पण आदेश लावा लागते."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "नियमात बसते का?" मी अंगणात दोरी बांधली, नियमात बसते का. दूधवाला सकाळी सहाऐवजी सात वाजता आला, नियमात बसते का. एकदा मी तापानं फणफणले होते. रक्त तपासलं तर मलेरिया निघाला, आणि तो कॉइल न लावल्यामुळे झाला हे सांगायला मी तशीच उठून त्यांच्या दारात गेले. त्यांनी मला पाणी दिलं, गोळ्या आणून दिल्या, मच्छरदाणी आणून स्वतः बांधून दिली. कॉइलचा विषय काढला तर म्हणाले, "मच्छरदाणी नियमात बसते."

पाखरू विकायचं झालं तर त्यांचा नियम एकच. जोडी तोडायची नाही. एकटं पाखरू ते कोणालाही देत नसत, मग माणूस कितीही मोठा असो. जोडी देतानाही आधी घर बघायचे. घरात मांजर आहे का, छत पत्र्याचं की कौलाचं, पिंजरा कोणत्या भिंतीला टांगणार. वडशाहून एकदा मोबाइलच्या दुकानाचा मालक आला. मुलीसाठी त्याला बोलणारा एक निळा नर हवा होता. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि तासभर प्रश्न विचारले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "भाऊ, पाखरू पाह्यजे मले. तुमी तं पोरगी दिल्यासारखं विचारून राह्यले."

"पोरीले तोंड हाये, तिले तरास झाला तं ते घरी येऊन सांगन," भाऊ म्हणाले. "पाखरू कोणाले सांगन?"

तो माणूस जोडी घेऊन गेला. पण एवढ्यावर काम संपायचं नाही. जोडीसोबत एक चिठ्ठी जायची. पाखरं घरी पोचली की घेणाऱ्यानं त्या चिठ्ठीवर "रुजू करून घेतले" असं लिहून सही करायची आणि तिचा फोटो भाऊंना मोबाइलवर पाठवायचा. फोटो येईपर्यंत ते त्या पाखरांचं पान बंद करत नसत आणि त्या माणसाला सुखानं जेवूही देत नसत. फोनवर फोन. वडशाच्या त्या दुकानदारानं तिसऱ्या दिवशी फोटो पाठवला, तोही मला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, त्याइले सांगा आता फोन नका करू."

मला अडकवलं ते मात्र तीन नंबरच्या मादीनं. एका दुपारी मी मालेवाड्याकडून येत होते. तिथे एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं आणि दोन तास माझा हात कोपरापर्यंत आत होता. फाटकाशी भाऊ उभे होते.

"मॅडम, तातडीचं हाये."

मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली होती, शेपूट वरखाली होत होतं. अंडं अडकलं होतं. म्हशीचा आणि या मुठीएवढ्या जिवाचा त्रास एकच आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि भाऊंवर इतका राग आला की विचारू नका, कारण आता मला नाही म्हणता येणार नव्हतं. खोक्यात दिवा लावून ऊब दिली, ओलं फडकं ठेवलं, कापसानं तेलाचा थेंब लावला. अर्ध्या तासानं अंडं आलं. भाऊ इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मग रजिस्टर आलं. "प्रसूती रजा मंजूर." खाली मला सही करायला सांगितलं, वैद्यकीय अधिकारी म्हणून.

"मला तो अधिकार नाही, भाऊ. नियमात बसत नाही."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "नाई बसत. पण बसवू."

एवढं सगळं सांगितलं, त्यात बाई कुठेच आल्या नाहीत. कारण बाई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, त्या घरात राहत नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना खोकला लागला, दम लागू लागला. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पिसांच्या धुळीमुळे छाती खराब होते आहे. पाखरं घरात राहिली तर या बाईंनी घरात राहू नये. भाऊंनी पाखरं ठेवली. बाई चिमूरला लेकीकडे गेल्या. भाऊ याला तात्पुरती सोय म्हणत.

दीड-दोन महिन्यांनी बाई बसनं यायच्या, वडशाला गाडी बदलून. घरात पाऊल टाकायच्या नाहीत. अंगणातल्या कडुनिंबाखाली खाट टाकलेली असायची, तिथे बसायच्या. भाऊ विहिरीवर आंघोळ करायचे, वेगळ्या पेटीतले कपडे घालायचे आणि त्यांच्यापासून दहा हातांवर खुर्ची टाकून बसायचे. मग दोघं पाखरांच्या कलकलाटावरून ओरडून बोलायची. औषध घेतलं का. लेकीच्या घरी नळ आला का. जवसाची चटणी डब्यात आहे, उनात ठेवू नका. संसाराचं सगळं बोलणं ओरडून. मला खोलीत बसून ऐकवत नसे, आणि कानही बंद करता येत नसत.

"मॅडम," त्या मला एकदा म्हणाल्या, "त्याइच्या रजिस्टरात माह्या नावाचं पान हाये का, पाहा जी जरा."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुमी सांगून पाहा त्याइले. तुमी डॉक्टर आहा, तुमचं आयकतीन. मले आता लेकीच्या घरी तीन वर्सं झाली. जावई काई म्हणत नाई. पण लेकीचं घर ते लेकीचं घर."

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते पाखरांसाठी उकडलेलं अंडं किसत होते, तेव्हा समोर उभी राहिले. "भाऊ, दिवसातून पंचवीस वेळा विचारता, नियमात बसते का. जोडी तोडायची नाही म्हणता. मग बाई तिकडे आणि तुम्ही इकडे, हे कोणत्या नियमात बसतं?"

त्यांनी किसणी खाली ठेवली. मग म्हणाले, "विचाराधीन हाये."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. नोकरीत असताना पती-पत्नी एकत्रीकरणाचे अर्ज यायचे, नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या जिल्ह्यात, आमची एकत्र बदली करा म्हणून. त्यांवर ते हाच शेरा मारायचे, हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं होतं. कित्येकांचे संसार त्या एका शब्दाखाली वर्षानुवर्षं पडून राहिले असतील. आता त्यांचा स्वतःचाही त्याच ढिगात होता.

"तीन वर्षं विचाराधीन?"

"इतल्या जीवाची जबाबदारी हाये, मॅडम."

"आणि बाई जीव नाहीत?"

ते पुन्हा किसायला लागले. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. पाखरांच्या पाण्यात काय टाकायचं हे रोज सकाळी ते मला तसंच विचारत राहिले.

बुद्ध पौर्णिमेला बाई दोन दिवस राहायला यायच्या ठरल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा रात्री मुक्काम. आमच्याकडे तेव्हा ऊन असं असतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. भाऊंनी आठ दिवस आधीपासून तयारी केली. समोरची खोली तीनदा पाण्यानं धुतली, दाराला ओली चादर लावली, नवी गादी, नवी उशी. व्हरांडा आणि ती खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती आणि तिच्यात घरातला एकमेव कूलर. मार्चपासून त्याचं तोंड पाखरांकडे असायचं. मी ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपत होते आणि दहा पिंजऱ्यांतले पोपट गार वाऱ्यात.

पौर्णिमेच्या सकाळी मी दारात उभी राहून पाहिलं. भाऊ एकटे तो कूलर ओढत होते. तोंड फिरवून त्यांनी ते खोलीकडे केलं, बाईंच्या खाटेकडे. पिंजऱ्यांवर ओली पोती टाकली. बनियन घामानं भिजलं होतं. मला फार बरं वाटलं, हे मी कबूल करते. महिन्याभराचा अबोला सोडून मी त्यांना म्हटलं, "आज शहाण्यासारखं केलं, भाऊ."

बाई पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, वंदना झाली, खीर वाटली. दुपारी जेवून त्या खोलीत आडव्या झाल्या. गार वारा अंगावर येत होता. "आज बरं वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

तीनच्या सुमारास मला खोकला ऐकू आला. आधी थोडा, मग थांबेचना, आणि मग एकदम बंद झाला. मी धावले. बाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, ओठ काळे पडलेले. श्वास आत जात नव्हता. मी वर पाहिलं. कूलर. त्याची पाठ पिंजऱ्यांपासून हातभर अंतरावर होती. मागच्या गवताच्या जाळ्यांना हिरवी-निळी बारीक पिसं चिकटली होती. कूलर मागून हवा ओढतो आणि पुढून सोडतो, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. दहा पिंजऱ्यांची धूळ त्यानं तीन तास ओढून बाईंच्या छातीत भरली होती. उशीवर दोन पिवळी पिसं पडली होती. सकाळी मी समोर उभी होते, पदविका घेतलेली, आणि त्यांना शहाणे म्हटलं होतं.

ऑटोतून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. मास्क लावला, वाफ दिली. हळूहळू ओठांवर रंग आला. भाऊ आत आले नाहीत. फाटकाबाहेर, सावली नसलेल्या जागी, ते तासभर उन्हात उभे होते. मी बोलवायला गेले.

"माह्या आंगावर धूळ हाये," ते म्हणाले. "मी नाई येत आत."

मी त्यांच्याजवळ उभी राहिले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मॅडम, पाखराकडून काढून मी तिच्याकडे केला होता कूलर."

"माहीत आहे, भाऊ. मीही बघितलं होतं."

"पयल्यांदाच केला होता."

घरी आलो तर पाच नंबरच्या मडक्यात दोन पिल्लं उष्म्यानं मेली होती. भाऊंनी त्यांना कडुनिंबाखाली पुरलं. त्या दिवशी रजिस्टर उघडलं नाही.

लेक आली आणि बाईंना चिमूरला घेऊन गेली. जाताना बाई फाटकातून एवढंच म्हणाल्या, "मी आता ह्या घरात पाय नाई ठेवत. याचं असन तं तुमी या."

चौथ्या दिवशी सकाळी दहाही पिंजऱ्यांना आदेश लागले होते. या वेळी एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात नाही, घराबाहेर. मला वाटलं, सुटलो. कसलं काय. आख्खा पावसाळा मी त्या माणसाला स्कूटीवर मागे बसवून घरं दाखवत हिंडले. आरमोरी, कोरची, वडसा, कुठे कुठे. रेनकोट घालून रजिस्टर पोटाशी धरून ते बसायचे आणि खड्डा आला की मला नियम सांगायचे. एक चांगलं घर त्यांनी स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा टांगलेला दिसला म्हणून नापास केलं. एका घरी मांजर नव्हतं, पण मांजरासाठी ठेवलेली वाटी होती, म्हणून परत आलो. मी रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्यावर ओरडले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "घाई करून चालत नाई. एकदा घाई केली तं काय झालं, पाह्यलं ना तुमी." मग मी गाडी सुरू केली.

बाईंचा फोन यायचा. "झालं का जी?" भाऊ म्हणायचे, "प्रक्रिया चालू हाये." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज मलाही ऐकू यायचा.

नऊ जोड्या गेल्या, नऊ फोटो आले. सात नंबरची जोडी राहिली. म्हातारी, नर पायानं अधू. ती कोणी घेईना. एका संध्याकाळी दवाखान्यातून आले तर माझ्या दाराला आदेश चिकटवलेला. सात नंबरची जोडी पशुधन पर्यवेक्षकांकडे वर्ग करण्यात येत आहे. मी भांडले. मला विचारलं नाही, मी एकटी माणूस, जोडी असेल तरच देता ना तुम्ही, मग हे नियमात कसं बसतं. भाऊंनी चिठ्ठी पुढे केली. "बसवू," ते म्हणाले. मी "रुजू करून घेतले" असं लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला किल्ल्या दिल्या, रजिस्टर दिलं आणि बस स्टँडवर सोडायला सांगितलं. हातात फक्त एक कापडी पिशवी, आत दुकानातून आणलेले कोरे कपडे. स्टँडच्या मागे नळावर ते डोक्यापासून आंघोळ करून आले, कोरे कपडे घातले आणि अंगावरचे जुने कपडे माझ्या हातात दिले. "हे बसमध्ये नाई न्याचे." गाडी लागली. मागे वळून बघणाऱ्यांतले ते नव्हते.

घरी येऊन मी रजिस्टर उघडलं. शेवटच्या पानावर, पाखरांच्याच ओळीत, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. "कुरखेडा येथून कार्यमुक्त, म.पू. बदलीचे ठिकाण: चिमूर. कारण: पती-पत्नी एकत्रीकरण." खालची, रुजू झाल्याची ओळ रिकामी होती.

मी फोटोची वाट बघू लागले. त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वडशाच्या दुकानदाराला भाऊंनी फोन करकरून जसं वैतागवलं होतं, तेच आता मी करत होते. जेवताना फोन, दवाखान्यात शेळीला इंजेक्शन देताना फोन. भाऊ उचलत नव्हते. शेवटी बाईंना लावला.

"पोचले का भाऊ?"

"पोचले. पयल्या खोलीत बसून हायेत, दोन दिवसापासून. चिठ्ठी हातात धरून."

"मग सही करा ना, बाई."

"विचाराधीन हाये," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सात नंबरच्या मडक्यातली घाण काढत होते, हात भरलेले होते, तेव्हा फोन वाजला. फोटो होता. वर भाऊंचं वळणदार कार्यालयीन अक्षर: "आज रोजी म.पू. रुजू झालो." त्याखाली मोठ्या, सावकाश काढलेल्या अक्षरांत बाईंनी लिहिलं होतं: "तीन वर्ष उशीर. रुजू करून घेतले."